किनाऱ्यावरची काफ्रेयाल कोंबडी

कोंबडीच्या मांसाविषयी या पानांवर लेख यावा, हे आमच्या वाचकांपैकी काही वडीलधाऱ्या मंडळींस रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. सोमवार, गुरुवार, एकादशी आणि सबंध श्रावण कटाक्षाने पाळणाऱ्या घरांतून ज्या पदार्थाचे नावही स्वयंपाकघरात घेतले जात नसे, त्याची चर्चा देवस्थानाच्या उत्सवाच्या वृत्तांताशेजारी कशासाठी, असे ती विचारतील. परंतु त्याच घरांतील मुले आज सायंकाळी कळंगूट-बागेच्या पुळणीवर जाऊन भाजलेल्या कोंबडीचे पार्सल बांधून घेतात, ही गोष्ट कोणापासून लपलेली नाही. त्यांनी काय खावे आणि काय खाऊ नये, याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडे घेत नाही. ती जे खातात त्याचा इतिहास मात्र त्यांना कोणी सांगत नाही. आणि तो इतिहास आपल्या समाजाच्या इतिहासापासून वेगळा काढता येण्यासारखा नाही.

ज्या इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांनी हा किनारा पाहिला नसेल त्यांच्याकरिता थोडे वर्णन केले पाहिजे. पावसाळा सरला की उत्तर गोव्यात कांदोळीपासून बागेपर्यंत आणि दक्षिणेस कोलव्याच्या बाजूस वाळूवर बांबूंची आणि माडाच्या चुडतांची खोपटी उभी राहू लागतात. यांस 'शॅक' म्हणतात. पर्यटन खात्याच्या परवान्यावाचून ती उभारता येत नाहीत आणि मे महिना संपेपर्यंत ती उतरवून वाळू मोकळी करून द्यावी लागते. त्यांच्याच आसपास, रस्ता जेथे वाळूला मिळतो तेथे, सायंकाळी गाडे लागतात. कोळशाची शेगडी किंवा मोठा लोखंडी तवा, शेजारी हिरव्या वाटणात बुडवून ठेवलेल्या कोंबडीच्या तंगड्या, एका ताटलीत लिंबाच्या फोडी. वाटण कोथिंबीर, हिरवी मिरसांग, आले आणि लसूण यांचे. त्यात जिरे, मिरी, दालचिनी, लवंग, आणि आंबटपणासाठी लिंबाचा रस किंवा माडाच्या सुरेपासून केलेले विनागर. कोणी त्यात थोडी रमही घालतात. तंगडीला सुरीने चिरा पाडतात, म्हणजे वाटण हाडापर्यंत उतरते, आणि मंद आचेवर ती भाजतात किंवा थोड्या तेलात परततात. बरोबर बटाट्याच्या फोडी आणि पाव. गिऱ्हाईक वाळूतच बसून बोटांनी खाते, नाही तर कागदात गुंडाळून घरी नेते. फळ्यावर लिहिलेले असते : 'चिकन काफ्रेयाल'.

हे खाणे कोणाचे, असे विचारले तर बाहेरून आलेला प्रवासी सांगतो की गोंयकारांचे. गोंयकार सांगतो, पोर्तुगिजांचे. आमच्या घरातील आजीबाई सांगतील, 'फिरंग्यांचे खाणे ते, आपले नव्हे.' या तिन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य असले तरी ज्याच्यावरून या पदार्थाला नाव पडले, त्याचे नाव तिघांपैकी एकाच्याही तोंडी येत नाही.

'काफ्रेयाल' या शब्दात 'काफ्र' हा मूळ शब्द आहे, आणि त्याच्याही मागे अरबी 'काफिर' आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर व्यापार करणारे अरब तेथील इस्लाम न स्वीकारलेल्या लोकांस काफिर म्हणत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज त्या किनाऱ्यावर पोहोचले, तेव्हा त्यांनी हा शब्द अर्थ न पाहता उचलला आणि दक्षिण-पूर्व आफ्रिकेतील काळ्या माणसाचे जातिवाचक नाव म्हणून तो रूढ केला. 'आ काफ्रेयाल' म्हणजे काफ्रांच्या रीतीने शिजविलेले. कोंकणीत त्याचेच 'खाप्री' झाले. ज्या शब्दाने उत्तरेतील मुसलमानी तवारिखकार आपल्या पूर्वजांचा उल्लेख करीत, तोच शब्द गोव्यात भलत्याच माणसाच्या कपाळी चिकटला, हा इतिहासातील एक विचित्र योगायोग होय. दक्षिण आफ्रिकेत या शब्दाचे स्थानिक रूप आज इतके घोर अपमानास्पद मानले जाते की ते एका कृष्णवर्णीय पोलिसाविरुद्ध वापरल्याबद्दल २०१८ साली एका स्त्रीस कारावासाची शिक्षा झाली. गोव्याच्या किनाऱ्यावर ते बिनदिक्कत फळ्यावर लिहिलेले असते, कारण ते कोणाविषयी आहे याचेच विस्मरण झाले आहे.

ही माणसे येथे कशी आली? गोवा ही पोर्तुगिजांच्या संपूर्ण पूर्वेकडील राज्याची राजधानी होती, आणि मोझांबिकचा कारभार १७५२ सालापर्यंत गोव्याहूनच चाले. एकाच विजरईच्या हाताखालचे दोन किनारे ते. मोसमी वाऱ्यांवर गलबते ये-जा करीत. इकडून कापड आणि मणी जात, तिकडून हस्तिदंत, सोने आणि माणसे येत. इ.स. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच गृहस्थ लिन्सखोटेन याने जुन्या गोव्याच्या सरळ रस्त्यावर, म्हणजे 'रुआ दिरैता'वर, सकाळी भरणाऱ्या बाजाराचे वर्णन केले आहे. तेथे घोडे, जडजवाहीर, मृतांच्या घरातील सामान यांचा लिलाव होई, आणि त्याच लिलावात गुलाम स्त्री-पुरुषही उभे केले जात. त्यानंतर वीस-एक वर्षांनी आलेला फ्रेंच प्रवासी पिरार यानेही हेच पाहिले. त्यांतील कित्येक मोझांबिकचे होते. पालख्या वाहणे, पाणी भरणे, छत्र्या धरणे, स्वयंपाक करणे, वेळ पडल्यास तटावर लढणे, ही सर्व कामे त्यांच्याकडून करून घेतली जात. पोर्तुगीज वसाहतींतील गुलामांचा व्यापार १८३६ च्या हुकुमाने बंद झाला आणि गुलामगिरी रद्द व्हावयास १८६९ साल उजाडले.

या काळाकडे पाहण्याची आपली एक ठराविक दृष्टी आहे. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा श्रीमंगेश, केळशीची श्रीशांतादुर्गा ही दैवते नदीपार अंत्रुज महालात कशी नेली गेली, हे देवस्थानांच्या महाजनांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. १५६० मध्ये सुरू झालेले आणि मधली चार वर्षे वगळता १८१२ पर्यंत चाललेले 'इन्क्विझिशन' आपण विसरलेलो नाही, आणि विसरूही नये. पण ज्या दशकांत आपले देव होडीतून रात्री उतरविले जात होते, त्याच दशकांत मांडवीच्या मुखाशी दुसऱ्या होड्या लागत होत्या आणि त्यांतून ज्यांना उतरविले जात होते त्यांना आपला देव, आपले नाव, आपले गाव यांपैकी काहीही बरोबर आणता आले नव्हते. आपल्या बखरी आणि देवस्थानांच्या कैफियती यांत त्यांचा कोठे उल्लेख आला तर तो ओझरता, एखाद्या फिरंगी साहेबाच्या मागे छत्री धरून उभा राहिलेला नोकर म्हणून.

त्यांनी बरोबर काय आणले असेल तर एक पाककृती. मोझांबिकच्या झांबेझिया प्रांतात, केलिमाने शहराच्या बाजूस, कोंबडी उभी चिरून सपाट करतात, तिला लसूण, मीठ, लिंबू आणि तिखटजाळ बारीक मिरची चोळतात, नारळाच्या दुधाचा हबका मारीत कोळशावर भाजतात. तेथेही तिला कोणी कोणी 'आ काफ्रेयाल' म्हणत आले आहेत. आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला, गिनी-बिसावमध्ये, लिंबू-मिरचीच्या कोंबडीला 'काफ्रियेला' म्हणतात. मकावमध्ये 'आफ्रिकन कोंबडी' आहे. जेथे जेथे पोर्तुगीज निशाण होते आणि त्या निशाणाखाली आफ्रिकन शिपाई किंवा गुलाम होते, तेथे तेथे हा एकच पदार्थ वेगवेगळ्या वेषांत आढळतो. तो नेणारा हात एकच होता, असे त्यावरून अनुमान करण्यास हरकत नाही. गोव्यात सामान्यपणे असे सांगतात की मोझांबिकहून आणलेल्या पलटणींच्या शिपायांनी ही कोंबडी येथे रुजविली. अशा पलटणी तर १९६१ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे गोवा मुक्त होईपर्यंत, येथे होत्या. त्यांना पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. मात्र शिपायांच्या आधी दोन-अडीचशे वर्षे स्वयंपाकघरांतून आफ्रिकन गुलाम राबत होते, हे ध्यानात घेतले तर या कोंबडीचे वय शिपायांहून बरेच अधिक असावे, असा आमचा तर्क आहे.

येथे येऊन तिचा रंग पालटला. आफ्रिकेत ती लाल असते. गोव्यात कोथिंबिरीने ती हिरवी झाली. मिरी, जिरे, दालचिनी, लवंग हे सगळे या बाजूचे. नारळाचे दूध सुटले आणि विनागर आले. निखाऱ्यावरची कोंबडी पुष्कळ घरांतून तव्यावर आली. ख्रिस्ती घरांतील बायकांनी आपल्या मसाल्याच्या डब्याच्या बेताने तिला असे वळण लावले की आज मोझांबिकचा माणूस ती ओळखेल की नाही, याची शंका वाटते.

आता खुद्द कोंबडीकडे वळू. रानकोंबड्यापासून माणसाने कोंबडी पाळीव केली ती आग्नेय आशियात, असे अलीकडील संशोधन सांगते. पूर्वी हा मान सिंधुसंस्कृतीला दिला जात असे. परंतु २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीलायक हाडे मध्य थायलंडमधील बान नोन वाट येथील असून त्यांचा काळ इ.स.पू. १६५० ते १२५० च्या दरम्यानचा आहे. भात आणि बाजरीसारखी तृणधान्ये पिकू लागली, सांडलेल्या दाण्यांसाठी रानकोंबडे वस्तीजवळ आले, आणि तेथून हे साहचर्य जुळले. पण आपल्या बाजूचा हक्क याने सर्वस्वी बुडत नाही. सह्याद्रीच्या रानात पहाटे ज्याची खरखरीत बांग ऐकू येते तो राखी रानकोंबडा, ज्याला फ्रेंच प्रवासी सोनेरा याच्यावरून शास्त्रीय नाव मिळाले आहे, तो वेगळ्या जातीचा. पाळीव कोंबडीच्या कातडीला आणि पायांना जो पिवळा रंग असतो, तो देणारा गुण या राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे, असे २००८ साली सिद्ध झाले. म्हणजे कोठलीही पिवळ्या पायांची कोंबडी घ्या, तिच्या रक्तात आपल्या घाटांतील रानकोंबड्याचा थोडा अंश आहे.

हा पक्षी व्यापारी गलबतांवरून आणि तांड्यांबरोबर पश्चिमेस गेला. आफ्रिकेत तो वास्को द गामाच्या कितीतरी आधी पोहोचला होता. उत्तर इथिओपियात सापडलेली कोंबडीची हाडे ख्रिस्तपूर्व काळातील आहेत. १४९८ साली गामाची जहाजे मोझांबिक बेटाजवळ थांबली तेव्हा तेथील लोकांकडून काचेच्या मण्यांच्या बदल्यात कोंबड्या आणि शेळ्या मिळाल्या, असे त्या सफरीच्या दैनंदिनीवरून कळते.

शब्दाचा प्रवास याहूनही गमतीचा आहे. आफ्रिकेतील ज्या बारीक मिरचीने ही कोंबडी माखतात तिला 'पिरिपिरि' म्हणतात. हे नाव स्वाहिली 'पिलिपिलि'पासून आले. स्वाहिलीत ते अरबी 'फिल्फिल'च्या द्वारे, अरबीत फारसी 'पिल्पिल'मधून, आणि फारसीत संस्कृत 'पिप्पली'पासून. आपल्या औषधी काढ्यांतील पिंपळी ती हीच. मिरी आणि पिंपळी घेऊन जाणाऱ्या गलबतांबरोबर शब्दही गेला. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी अमेरिकेतली मिरची आफ्रिकेच्या आणि भारताच्या किनाऱ्यांवर एकदमच आणून टाकली, तेव्हा नव्या तिखटाला नाव कोठून द्यावयाचे, हा प्रश्न दोन्हीकडे पडला आणि दोन्हीकडे एकाच रीतीने सुटला. आफ्रिकेने जुन्या पिंपळीचे नाव तिला दिले. आपण मिरीवरून 'मिरची' केली. कोंकणीने मिरी आणि शेंग यांचा समास करून 'मिरसांग' म्हटले. कोलंबसाच्या पूर्वी जो जिन्नस ना येथे होता ना तेथे, त्याला दोन्ही किनाऱ्यांनी आपल्याच घरातले नाव दिले.

तेव्हा 'फिरंग्यांचे खाणे' म्हणून ज्याकडे बोट दाखविले जाते त्याचा जमाखर्च असा निघतो : पक्षी पूर्वेचा, तिखट अमेरिकेचे, तिखटाचे आफ्रिकन नाव संस्कृतोद्भव, मसाला मलबार-कोंकणचा, शिजविण्याची रीत मोझांबिकच्या काळ्या माणसाची. पोर्तुगिजाचे त्यात काय? जहाज, आणि माणसाला त्या जहाजात घालणारी साखळी. विनागरही हवे तर त्याच्या खात्यावर लिहावे.

मग आपल्या समाजाने कोंबडी इतकी दूर का ठेवली, असे विचारले जाईल. त्याचे कारण पोर्तुगिजांच्या आधीचे आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात ग्रामकुक्कुटाचा निषेध दोनदा आला आहे. दुसऱ्या ठिकाणी तर तो लसूण, कांदा आणि भूछत्र यांच्या पंगतीस बसविला आहे. (किनाऱ्यावरच्या एका तंगडीत यांतील दोन निषेधांचा भंग एकाच घासात होतो, हे येथे जाता जाता नमूद करावेसे वाटते.) 'ग्राम' हे विशेषण महत्त्वाचे आहे. गावात उकिरडा उकरून खाणारा कोंबडा वर्ज्य. रानातल्या कोंबड्यासंबंधी तसा निषेध नाही. निषेध पक्ष्याचा नसून त्याच्या खाण्याचा होता, असा याचा अर्थ आम्ही करतो. गोव्यातील मासे खाणाऱ्या कित्येक सारस्वत घरांनीही हा विवेक पुष्कळ काळ पाळला : मासळी समुद्राची, शुद्ध; कोंबडी परसातली, अशुद्ध. तिचे मांस शिजवावयाचे झालेच तर ते घराबाहेर, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात. बहुजन समाजाच्या घरांत असा आडपडदा नव्हता. खसखस, धणे, सुकी मिरची आणि भाजलेले खोबरे वाटून केलेली कोंबडीची शागोती हा गोव्यातील हिंदूंचा अस्सल पदार्थ, आणि आज सायंकाळच्या गाड्यावर ऑम्लेटवर जो 'रोस' ओततात तो याच शागोतीचा.

दुसरे कारण राजकीय होते. इन्क्विझिशनच्या काळात अन्न ही माणसाच्या धर्माची खूण मानली जाई. १७३६ साली निघालेल्या जाहीरनाम्यात नवख्रिस्त्यांना मनाई केलेल्या हिंदू चालीरीतींची लांबलचक जंत्री आहे. तुळस लावणे जसे तीत आहे तसे मिठाशिवाय भात शिजविणे हेही आहे. भातात मीठ केव्हा घालावयाचे यावरून जेथे माणसाची चौकशी होऊ शके, तेथे आपल्या लोकांनी फिरंग्याच्या चुलीवरचा घास विषासारखा टाळला, यात नवल ते काय. त्या बंधनांनी समाज टिकला हे आम्ही मानतो. पण त्या बंधनांच्या कुंपणापलीकडे फिरंगी साहेबाबरोबर त्याचा गुलामही होता. आणि आपण दोघांनाही एकाच तिटकाऱ्याने पाहिले, हेही तितकेच खरे आहे.

सर्वांनीच तसे पाहिले असे मात्र म्हणता येणार नाही. गोव्यात आणि कोंकणात वेशीवरच्या राखणदाराला, देवचाराला, कोंबा देण्याची चाल फार जुनी आहे. गाभाऱ्यातील देवाला जे चालत नाही ते सीमेवरच्या दैवताला चालते. ग्रामव्यवस्थेतील ही विभागणी आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. या सीमेवरच्या मंडळात एक आफ्रिकनही जाऊन बसला आहे. कारवारास काळी नदीच्या मुखाजवळ कोडीबाग येथे 'खाप्री देवा'चे स्थान आहे. खाप्री म्हणजे आफ्रिकन, हे वर आलेच आहे. त्याची वार्षिक जत्रा भरते; नवस फेडणारे हिंदू भक्त त्याला मेणबत्ती लावतात, मद्य वाहतात, पेटविलेली सिगारेट ठेवतात आणि कोंबडा देतात. या देवाच्या उत्पत्तीविषयी निरनिराळ्या आख्यायिका आहेत आणि त्यांतील कोणतीही कागदोपत्री सिद्ध करता येण्याजोगी नाही. पण नैवेद्य पाहिला की कोण्या शिपायाच्या किंवा खलाशाच्या आवडीनिवडी त्यात जशाच्या तशा जपल्या आहेत, असे वाटल्याशिवाय राहत नाही. ज्यांनी त्याला कोंबडा दिला त्यांनी धर्मशास्त्र वाचले नव्हते. परंतु परमुलखात मरण आलेल्या माणसाचे काही देणे लागतो, एवढे त्यांना उमगले होते.

समुद्रकाठी बसून खाणे, ही मात्र अगदी अलीकडची रीत. आपल्या लोकांना समुद्र ठाऊक होता तो सोमवतीच्या किंवा ग्रहणाच्या स्नानासाठी, अस्थिविसर्जनासाठी, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करण्यासाठी. वाळू रांपणकारांची, तेथे जाळी ओढली जात, मासळी सुकविली जाई. सुखवस्तू ख्रिस्ती कुटुंबे एप्रिल-मे महिन्यांत हवापालटासाठी, 'मुदांस' म्हणून, किनाऱ्यावर जाऊन राहत व खाऱ्या पाण्याची स्नाने घेत. पण त्यांचेही जेवण घरात, मेजावर होई. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हिप्पी म्हणविणारे परदेशी तरुण कळंगुटास आणि पुढे हणजुण्यास येऊन राहिले. त्यांना स्वस्त आणि उघड्यावरचे खाणे हवे होते. आसपासच्या घरांनी आपल्या ओट्यावर, मग चार बांबू पुरून वाळूवर, त्यांना जेवू घालण्यास प्रारंभ केला. १९८० च्या दशकात युरोपातून थेट विमाने भरून प्रवासी येऊ लागले आणि खोपट्यांच्या रांगा लागल्या. अशा रीतीने सणासुदीला ख्रिस्ती घरांत होणारी काफ्रेयाल चारचौघांत, वाळूवर आली.

भाजलेली कोंबडी किनाऱ्यावरच का शोभली, याचे कारण व्यावहारिक आहे. एक कोंबडी म्हणजे एका कुटुंबाचे एक जेवण. उरवून ठेवावे लागत नाही. लिंबू, मीठ आणि मिरची उष्ण दमट हवेत मांस लवकर बिघडू देत नाहीत. भांडे नको, पाणी नको. एक शेगडी पुरे. गुलामाला, शिपायाला आणि प्रवाशाला एकाच गोष्टीची अडचण असते, आणि ती म्हणजे स्वतःची चूल नसणे. या पदार्थाला चूल लागत नाही. मोझांबिकमध्येही राजधानी मापुतोच्या समुद्रालगतच्या रस्त्यावर सुटीच्या दिवशी असेच निखाऱ्यावर कोंबड्या भाजणारे बसतात. १९७५ साली तो देश स्वतंत्र झाला. तेथून बाहेर पडलेल्या पोर्तुगीज कुटुंबांबरोबर पिरिपिरि कोंबडी दक्षिण आफ्रिकेत आणि पोर्तुगालात अधिकच पसरली. १९८७ मध्ये जोहान्सबर्गच्या एका उपनगरातील अशाच एका लहान दुकानातून 'नांदोज्' नावाचा व्यवसाय सुरू झाला आणि त्याच्या शाखा आज अनेक देशांत आहेत. त्या दुकानांतून काफ्र हा शब्द कोठेही नाही. पिप्पली मात्र 'पेरि-पेरि' या रूपाने प्रत्येक बाटलीवर आहे.

राहता राहिली आजची कोंबडी. किनाऱ्यावर जी मिळते ती ना परसातली ग्रामकुक्कुट, ना रानातली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत केवळ मांसासाठी झपाट्याने वाढणारी जी वाणे निपजविली गेली, त्यांचा हा वंश. भारतात १९७० च्या दशकापासून या धंद्याने जोर धरला. गावठी कोंबडी भरण्यास पाच-सहा महिने लागत. ब्रॉयलर सुमारे सहा आठवड्यांत दोन किलो भरते. ती उकिरडा कधी पाहत नाही, आणि सूर्यप्रकाशही फारसा पाहत नाही. तिला मनूचा निषेध लागू होतो की नाही, हा प्रश्न एखाद्या व्युत्पन्न शास्त्र्याने सोडवावा; आम्हांस त्यापेक्षा तिच्या त्या सहा आठवड्यांचा विचार अधिक अस्वस्थ करतो. गोव्यात लागणाऱ्या कोंबड्या बहुतांशी बेळगावकडून, घाट उतरून, जाळीच्या पिंजऱ्यांनी भरलेल्या मोटारींतून येतात. पहाटे घाटात या मोटारी ज्यांनी मागून पाहिल्या असतील त्यांना त्यांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

त्याच घाटमाथ्यावर, बेळगावहून दक्षिणेस हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड आणि खाली अंकोल्याच्या बाजूस, दाट रानांतून सिद्दींच्या वाड्या आहेत. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला इतिहासाच्या पुस्तकांतून माहीत असतात. ते दर्यावर्दी सत्ताधीश. हे त्यांच्याहून वेगळे. यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज गोव्यातील गुलामगिरीतून निसटून अरण्यात आलेले, असे मानले जाते. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. घरात बोलतात ती भाषा कोंकणीच्या वळणाची असून तीत मराठी आणि कानडी शब्द मिसळलेले आहेत. २००३ साली उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले. शेतमजुरी, रानातला मध आणि लाकूडतोड यांवर पोट भरणाऱ्या या लोकांतील काही तरुण मुले-मुली आता हंगामात कामासाठी घाट उतरतात. कारवारहून किनाऱ्याने उत्तरेस निघाले तर पाऊण दिवसाच्या आत कळंगूट येते.